एकच सण दोन तारखांना आला, तर घरात कोणता धरायचा?

२०२४ च्या दिवाळीत ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी दिल्लीच्या नातेवाइकांचे लक्ष्मीपूजनाचे फोटो मोबाइलवर येऊ लागले, तेव्हा महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत झेंडूची फुलेही आणून झाली नव्हती. आपल्या दिनदर्शिकेत लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते. २०२५ मध्ये पुन्हा तेच झाले. उत्तरेत बहुतेकांनी २० ऑक्टोबर धरला, आपण २१. मग प्रश्न सुरू झाले. बरोबर कोण? आपले चुकले तर नाही ना? सोसायटीच्या ग्रुपवर आलेला ‘शास्त्रशुद्ध मुहूर्त’ पाळायचा की भिंतीवरचे कॅलेंडर?

असे प्रश्न आषाढात एकादशीपासून सुरू होतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत थांबत नाहीत. वाचकांकडून वारंवार येणाऱ्या शंका डोळ्यांपुढे ठेवून हा लेख लिहिला आहे. ज्योतिष शिकवण्याचा हेतू नाही. घरातला निर्णय घेता यावा, एवढेच गणित यात आहे.

आधी एवढे समजून घ्या

तारीख मध्यरात्री बदलते. तिथी दिवसा किंवा रात्री, कोणत्याही क्षणी बदलते. सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. चंद्राचा वेग रोज सारखा नसतो, म्हणून एखादी तिथी १९-२० तासांत आटोपते आणि एखादी २६ तासांच्याही पुढे जाते. सूर्योदयाला जी तिथी असते ती त्या दिवसाची, हा सर्वसाधारण नियम. एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मधल्या वेळेत सुरू होऊन संपली तर तिचा क्षय होतो, आणि एकाच तिथीत दोन सूर्योदय आले तर वृद्धी होते. २०२६ चा गुढीपाडवा क्षय तिथीचा होता. १९ मार्चला सूर्योदयाच्या वेळी अजून अमावास्या होती, आणि प्रतिपदा दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाआधीच संपत होती. म्हणून गुढी १९ लाच उभारायची होती. ‘अमावास्येला गुढी कशी उभारायची?’ असे त्या वेळी अनेकांना वाटले, पण प्रतिपदेच्या वाट्याला दुसरा दिवसच नव्हता.

सण दिवसातल्या कोणत्या वेळेचा आहे, ते पाहा

निम्मा गोंधळ इथेच मिटतो. सगळे सण सूर्योदयाच्या तिथीवर चालत नाहीत. ज्या वेळी मुख्य पूजा असते, त्या वेळी तिथी हवी.

- गणेश चतुर्थी, रामनवमी: मध्यान्ह. दिवसाचे पाच समान भाग केले तर तिसरा भाग, ढोबळमानाने सकाळी अकरा ते दुपारी दीड.
- दसरा, श्राद्ध: अपराह्ण, म्हणजे दिवसाचा चौथा भाग.
- लक्ष्मीपूजन, होळी: प्रदोषकाळ, सूर्यास्तानंतरचे साधारण सव्वादोन-अडीच तास.
- संकष्टी: चंद्रोदय.
- कृष्णजन्म, महाशिवरात्र: निशीथ, म्हणजे मध्यरात्र.

आता २०२५ ची जन्माष्टमी पाहा. अष्टमी १५ ऑगस्टला रात्री बाराच्या थोडी आधी लागली आणि १६ ला रात्री साडेनऊच्या सुमारास संपली. मध्यरात्री अष्टमी होती ती १५ ला, म्हणून आपल्याकडे कृष्णजन्म १५ ला आणि गोपाळकाला १६ ला. सूर्योदयाची अष्टमी धरणाऱ्या वैष्णवांनी १६ ची जन्माष्टमी केली. दोघांकडे आधार होता.

दिवाळीचा पेच याहून चिवट आहे. २०२४ मध्ये अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी पावणेचारनंतर लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. ३१ ला पूर्ण प्रदोषकाळ अमावास्येत होता. १ तारखेला सूर्यास्तानंतर ती थोडाच वेळ होती. दोन्ही दिवशी अमावास्या प्रदोषाला स्पर्श करत असेल तर दुसरा दिवस घ्यावा, या नियमाने महाराष्ट्रातल्या पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला. अनेक उत्तरेकडच्या पंचांगांना रात्रभराची अमावास्या महत्त्वाची वाटली. यात कोणी अडाणी नाही की कोणी धर्मबाह्य नाही. कमलाकर भट्टांचा १६१२ चा ‘निर्णयसिंधु’ आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा अठराव्या शतकाच्या अखेरचा ‘धर्मसिंधु’ हे दोन जाड ग्रंथ मुख्यतः अशाच पेचांसाठी लिहिले गेले. म्हणजे हा गोंधळ व्हॉट्सअ‍ॅपने आणलेला नाही. त्याने फक्त तो पहाटे पाच वाजता तुमच्या उशाशी आणून ठेवला.

पंचांग वाचताना हमखास होणारी गफलत

- तिथीपुढे छापलेली वेळ ती तिथी संपण्याची असते, लागण्याची नाही. लागण्याची वेळ हवी असेल तर आदल्या दिवसाच्या चौकटीत पाहा.
- काही पंचांगांत २४ च्या पुढचे आकडे असतात. ३१:२० म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजून २० मिनिटे. २४ वजा करा, संपले.
- ‘अहोरात्र’ लिहिले असेल तर ती तिथी दिवसरात्र आहे, दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाच्याही पुढे जाणार आहे.
- जुन्या पंचांगात घटी-पळे असतात. एक घटी २४ मिनिटांची, आणि मोजणी सूर्योदयापासून.
- सूर्योदय-चंद्रोदयाच्या वेळा एका ठरावीक गावासाठी असतात. ते गाव कोणते हे पंचांगातच छापलेले असते. तुमचे गाव वेगळे असेल तर फरक पडतो.

संकष्टी: तुमच्या गावचा चंद्र

मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशात सहा अंशांहून थोडा जास्त फरक आहे, म्हणून नागपुरात चंद्र मुंबईपेक्षा साधारण २५ मिनिटे आधी उगवतो. मुंबईची वेळ पाहून नागपूरकराने उपास सोडला तर बिघडत काही नाही, उगाच भूक ताणली जाते, एवढेच. नागपूरची वेळ पाहून मुंबईकराने पान वाढले तर मात्र चंद्र अजून क्षितिजाखालीच असतो. बहुतेक दिनदर्शिकांत शहरवार चंद्रोदयाचा तक्ता असतो, तो वापरा.

पावसाळ्यात चंद्र दिसतच नाही. ढग असतील तर छापील वेळ झाल्यावर पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य द्या आणि जेवा. रात्री साडेअकरापर्यंत गच्चीवर ताटकळण्याची गरज नाही.

संकष्टी आणि विनायकी यांची सरमिसळही खूप होते. कृष्ण पक्षातली ती संकष्टी, तिचा उपास चंद्रोदयानंतर सुटतो. शुक्ल पक्षातली विनायकी, तिची पूजा मध्यान्हाची आणि तिच्यात चंद्रोदय पाहायचा नसतो. संकष्टी मंगळवारी आली की अंगारकी.

एकादशी दोन दिवस लिहिली असेल तर

दिनदर्शिकेत ‘स्मार्त’ आणि ‘भागवत’ अशा दोन एकादश्या दिसल्या तर घाबरू नका. भागवत संप्रदायात दशमीचा स्पर्श झालेली एकादशी चालत नाही. सूर्योदयाआधी चार घटी, म्हणजे ९६ मिनिटे, अरुणोदय असतो. त्या वेळी दशमी शिल्लक असेल तर भागवत मंडळी दुसऱ्या दिवशी उपास करतात. निवड सोपी आहे:

- घरात माळ असेल, वारी असेल, तर भागवत एकादशी.
- तशी परंपरा नसेल तर स्मार्त, म्हणजे पहिली.
- सासर-माहेर वेगळे असेल तर ज्या घरात राहता त्या घरची. दोन्ही दिवस उपास करण्याची सक्ती कोणत्याही नियमात नाही.

आणि उपासाबद्दल एक सांगायला हवे. एकादशीचा नियम आठ वर्षांखालच्या मुलांना आणि ऐंशी ओलांडलेल्यांना लागू नाही, असे शास्त्रच सांगते. पाणी, फळे, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, हेही त्याच परंपरेतले आहे. तेव्हा मधुमेहाची गोळी ‘आज एकादशी’ म्हणून टाळणाऱ्या आजोबांना हे जरूर वाचून दाखवा. गोळी-इन्शुलिन चालू असलेल्यांनी दिवसभर उपाशी राहण्याआधी डॉक्टरांना विचारावे. साबुदाणा जवळजवळ नुसता पिष्टमय असतो, तेव्हा खिचडीची दुसरी बशी हा काही पथ्याचा पर्याय नव्हे.

उत्तरेतला श्रावण आणि आपला श्रावण

दिल्ली, भोपाळ, वाराणसीकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांची ही कायमची अडचण. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. शुक्ल पक्षाचे नाव दोन्हीकडे एकच असते, कृष्ण पक्षाचे मात्र बदलते. म्हणून त्यांचा श्रावण आपल्याआधी १५ दिवस सुरू होतो. २०२५ मध्ये तिकडे ११ जुलैला लागला, आपल्याकडे २५ जुलैला. श्रावणी सोमवार तुम्ही आपल्या श्रावणाचे धरा. तिकडची शेजारीण आधीपासून करत असली तरी तुमचा एकही सोमवार चुकलेला नसतो.

सणाचा दिवस मात्र बहुधा तोच राहतो. आपली महाशिवरात्र माघ कृष्ण चतुर्दशीची, त्यांची फाल्गुन कृष्णाची, रात्र एकच. अपवाद वटसावित्रीचा. आपण ज्येष्ठ पौर्णिमेला वडाची पूजा करतो, उत्तरेत बरेच जण त्याच्या १५ दिवस आधीच्या अमावास्येला करतात. तिथे नावाचा नव्हे, व्रताच्या दिवसाचाच फरक आहे, तेव्हा घरची रीत सोडू नका.

अधिक महिना आला की

सुमारे ३२-३३ महिन्यांनी एक चांद्र महिना असा येतो की त्यात सूर्य रास बदलत नाही. तो अधिक. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. नियम एका ओळीत: वार्षिक सण निज महिन्यात, अधिकात नाही. २०२६ ची वटपौर्णिमा म्हणून २९ जूनची. ३०-३१ मेची पौर्णिमा अधिकातली, तिचा वडाशी संबंध नाही. संकष्टी, एकादशी मात्र अधिकातही चालू राहतात.

रजा, रेल्वेचे आरक्षण, मंगल कार्यालय ठरवणाऱ्यांनी एक हिशोब लक्षात ठेवावा. साधारण वर्षी सण आदल्या वर्षीपेक्षा १०-११ दिवस लवकर येतात. अधिक मास पडला की त्याच्या पुढचे सण १८-१९ दिवस उशिरा. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. कोकणातल्या गाड्यांचे तिकीट ‘गेल्या वर्षीच्या आसपास’ म्हणून काढणाऱ्यांची फजिती याच हिशोबाने होते. जावयाचे धोंड्याचे वाण अधिक महिन्यातल्या कोणत्याही सोयीच्या दिवशी द्या. शेवटच्या रविवारीच हवे असे काही नाही, आणि त्या दिवशी अनारसे मिळतही नाहीत.

गौरी-गणपती: सगळ्यात जास्त प्रश्न इथले

*गौरी कधी तिसऱ्या दिवशी, कधी पाचव्या दिवशी का येतात?* कारण गौरी तिथीवर नव्हे, नक्षत्रावर येतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. चतुर्थीपासून अनुराधेपर्यंतचे दिवस दर वर्षी सारखे नसतात. तुमच्याकडचा गणपती ‘गौरींबरोबर’ जाणारा असेल तर त्याचे दिवस मोजू नका, मूळ नक्षत्र पाहा. कार्यालयात पाच दिवसांची रजा टाकून नंतर सहाव्या दिवशी विसर्जन आल्याची तक्रार दर वर्षी ऐकू येते. विसर्जनाचा वार मंगळवार किंवा शुक्रवार असला तरी गौरी त्याच दिवशी जातात. वार पाहून एक दिवस थांबवू नये. खड्याच्या गौरी असोत की मुखवट्याच्या, हा नियम एकच.

*प्रतिष्ठापनेचा नेमका मुहूर्त किती वाजता?* पहाटेपासून मध्यान्ह संपेपर्यंत केव्हाही. राहुकाळ, भद्रा पाहत बसण्याची गरज नाही. एका गुरुजींना त्या सकाळी वीस घरे करायची असतात. ‘अकरा वाजून चार मिनिटांनीच’ असा हट्ट तुम्ही धरलात तर ते बहुधा दीड वाजता येतील. गुरुजी मिळाले नाहीत तर पुस्तक पाहून किंवा ध्वनिमुद्रित पूजा लावून घरच्या माणसाने पूजा केली तरी चालते.

*मूर्ती आदल्या दिवशी आणली तर?* चालते. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती मूर्तीच आहे. गर्दी टाळायची तर दोन दिवस आधी आणून झाकून ठेवा.

*सुतक किंवा सोयर आले तर?* स्थापनेआधी आले तर त्या वर्षी गणपती बसवू नये. नेम चुकला, आता पुढे अरिष्ट येईल, ही भीती निराधार आहे. पुढच्या वर्षी नेहमीप्रमाणे बसवा. स्थापनेनंतर आले तर मित्राकडून किंवा शेजाऱ्याकडून नैवेद्य दाखवून लगेच विसर्जन करून घ्यावे.

*घरात सून गर्भवती आहे, विसर्जन करायचे नाही म्हणतात.* या रूढीला धर्मशास्त्रात आधार नाही, असे पंचांगकर्ते वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. मूर्ती ठरलेल्या दिवशी विसर्जित करा. ‘गर्भवतीने हे करू नये, ते करू नये’ अशी यादी कोणी सांगू लागले तर आधार विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि सुनेला तर आधी.

परदेशात राहत असाल तर

इथे सर्वात मोठी चूक म्हणजे भारतातली तारीख जशीच्या तशी उचलणे. तिथी जगभर एकाच क्षणी बदलते, पण त्या क्षणी तुमच्या घड्याळात वेगळी वेळ, कधी वेगळी तारीखही असते. म्हणून:

१. भारतीय पंचांगातून तिथीची सुरुवात आणि शेवट लिहून घ्या.
२. दोन्ही वेळा तुमच्या शहराच्या वेळेत बदला. न्यू यॉर्क, न्यू जर्सीसाठी उन्हाळी वेळ असताना साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा तास वजा करा.
३. तो सण ज्या वेळेचा, त्या वेळी तुमच्या गावी ती तिथी कोणत्या दिवशी आहे ते पाहा.

२०२४ ची गणेश चतुर्थी घ्या. भारतात चतुर्थी ६ सप्टेंबरला दुपारी तीनला लागली आणि ७ ला संध्याकाळी साडेपाचनंतर संपली. मध्यान्हाची चतुर्थी ७ ची, म्हणून गणपती ७ ला. न्यू यॉर्कमध्ये हीच चतुर्थी ६ ला पहाटे साडेपाचला लागली आणि ७ ला सकाळी आठच्या सुमारास संपली. तिथे मध्यान्हाला चतुर्थी होती ती ६ ला. म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा गणपती भारताच्या एक तारीख आधी. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला मात्र ७ च.

शनिवार-रविवारी होणारे मंडळाचे कार्यक्रम वेगळे आणि घरची पूजा वेगळी, असे मनाशी ठरवून टाका. मंडळाला सभागृह ज्या दिवशी मिळते त्या दिवशी ते आरती करतील. तुमचा देव्हारा सभागृहाच्या आरक्षणावर चालत नाही. आणि साता समुद्रापलीकडून आईला व्हिडिओ कॉलवर आरती दाखवायची असेल तर तिचा दिवस वेगळा आहे हे तिला आधीच सांगा, नाहीतर पुढचा अर्धा तास तेच समजावण्यात जाईल.

कोणते पंचांग पाळावे?

घरात वडीलधारे जे पाळत आले ते. लग्नानंतर वेगळे बिऱ्हाड केले असेल आणि परंपरा ठाऊक नसेल तर तुमच्या भागात जे सर्वत्र चालते ते एक निवडा. एकदा निवडले की वर्षभर तेच. गणपती एका पंचांगाचा आणि दिवाळी दुसऱ्याची, कारण तारीख सोयीची वाटली, असे केलेत की पेच कधीच सुटणार नाही.

महाराष्ट्रात विशेषतः एक फरक ठाऊक असावा. टिळक पंचांगाचे गणित इतर प्रचलित पंचांगांपेक्षा काही अंशांनी वेगळ्या आरंभस्थानावरून चालते. एरवी ते जाणवत नाही, पण काही वर्षी अधिक महिना दोन्हींत वेगळा पडतो आणि टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत गणपती महिनाभर आधी येतात. रत्नागिरीकडच्या काही घरांना हे सवयीचे आहे. अशा घरात लग्न होऊन आलेल्या मुलीने गोंधळून जाऊ नये, आणि घरच्यांनी ते तिला गुढीपाडव्यालाच सांगून ठेवावे. मूर्तिकाराला तर त्याहून आधी, कारण त्याचे वेळापत्रक इतरांच्या चतुर्थीवर बेतलेले असते.

सुट्टी तुमच्या तारखेला नसेल तर

सरकारी सुट्टी एका तारखेची जाहीर होते. तुमच्या घरचा सण दुसऱ्या दिवशी असेल तर पुढील वाटा आहेत.

- केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना वर्षाच्या यादीतून दोन वैकल्पिक सुट्ट्या निवडता येतात. यादी आदल्या वर्षीच निघते; नवे पंचांग शेजारी ठेवूनच निवडा.
- महाराष्ट्रात वीस किंवा अधिक कामगार असलेल्या दुकाने-आस्थापनांना २०१७ चा अधिनियम लागू आहे. त्यानुसार वर्षात आठ पगारी सुट्ट्या मिळतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी संमतीने ठरवायच्या असतात. बहुतेक ठिकाणी व्यवस्थापन यादी लावते आणि कोणी काही बोलत नाही. डिसेंबरात बोला. गौरीपूजनाची सुट्टी हवी असलेल्या दहा जणी एकत्र गेल्या तर तो दिवस यादीत येऊ शकतो.
- यातले काहीच लागू नसेल तर अर्जात ‘सणासाठी’ असे मोघम न लिहिता तारीख आणि कारण लिहा: ‘ज्येष्ठागौरी विसर्जन, मूळ नक्षत्र’. वरिष्ठ मराठी नसतील तर दिनदर्शिकेच्या त्या पानाचा फोटो सोबत जोडा.